बर्फीचा डबा, चार संशयित आणि सहा तासिका : न्यायसहायक विज्ञानातून विज्ञान शिकवताना

स्टाफरूमच्या कपाटातून संत्रा बर्फीचा स्टीलचा डबा गायब होतो. मधल्या सुट्टीनंतर तो खिडकीत सापडतो, रिकामा. आत बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी : ‘बर्फी छान होती.’ खिडकीच्या कट्ट्यावर करड्या धुळीत बुटाचा अर्धवट उमटा आहे आणि टेबलक्लॉथवर लाल डाग. संशयित चार. आठवी-नववीच्या वर्गाला एवढं सांगितलं की पुढच्या सहा तासिका हजेरीची चिंता राहत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. शाळांमध्ये होणारे असे बहुतेक उपक्रम मजेत सुरू होतात आणि ‘ठसा जुळला, चोर सापडला, टाळ्या’ इथे संपतात. मुलांनी विज्ञान केलेलं नसतं, कोडं सोडवलेलं असतं. खऱ्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेचं काम चोर पकडणं नाही. घटनास्थळी मिळालेला नमुना आणि संशयिताकडून घेतलेला नमुना एकाच उगमाचे असू शकतात का, एवढ्याच प्रश्नाला ती उत्तर देते. ते उत्तरही बहुतेक वेळा ‘नाही’ असेल तेव्हाच ठाम असतं. ‘हो’ असेल तर त्याच्यामागे ‘असू शकतात’ लागतं. हा फरक मुलांच्या हाताला कळावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

नागपुरात हे करायला वातावरण बरं आहे. न्यायसहायक विज्ञान शिकवणारी शासकीय संस्था इथे आहे, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. म्हणजे या क्षेत्रात माणसं लागणार. पण वर्गात हा विषय आणण्याचं ते मुख्य कारण नव्हे. शोषण, घनता, आम्ल-आम्लारी, त्रिकोणमिती, टक्केवारी हे सगळं एका प्रकरणात आपसूक येतं, म्हणून तो आणायचा.

प्रकरण रचायचं ते उलट्या बाजूने

आधी गोष्ट आणि मग तिच्यात प्रयोग घुसवायचा, असं केलं की फसतं. आधी शिकवायच्या संकल्पना ठरवा, प्रत्येकीसाठी एक पुरावा ठरवा आणि मग एका कागदावर तक्ता आखा : आडवे पुरावे, उभे संशयित. एकाही पुराव्याने एकट्याने निकाल लागता कामा नये. प्रत्येकाने एखाद-दुसरा संशयित वगळावा, आणि निदान एक पुरावा प्रकरणाशी काहीही संबंध नसलेला असावा.

वरच्या प्रकरणात असं करता येईल. चिठ्ठीची शाई अ, क आणि ड यांच्या पेनांशी जुळते, ब यांच्याशी नाही. कट्ट्यावरची धूळ अ, ब आणि ड यांच्या बुटांवर आहे, क यांच्या नाही. डब्यावरचा बोटाचा अर्धवट ठसा चक्राचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषांचा, आहे आणि ड यांच्या दहाही बोटांवर चक्र नाही. उरतात अ. लाल डाग मात्र कुणाचाच नाही, आदल्या दिवशीच्या केकचा रंग आहे. मुलं त्या डागावर सगळ्यात जास्त वेळ घालवतील. घालवू द्या.

संशयित काल्पनिक ठेवा आणि त्यांना नुसती अक्षरं द्या. शाळेतल्या खऱ्या माणसांना संशयित केलं की गंमत दोन दिवस टिकते आणि टोपणनाव वर्षभर. शिपाईकाकांना किंवा मावशींना तर यात ओढूच नका. ‘चोर’ म्हटल्यावर कुणाकडे बोट जातं हे मुलांना आधीच शिकवलेलं असतं, त्यात शाळेने भर घालू नये.

पहिली तासिका : पंचनामा

पहिल्या तासिकेला कोणतंही रसायन काढायचं नाही. वर्गाचे पाच-सहा गट करा. दोघं पंच, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा, एक नमुने घेणारा. कशालाही हात लावण्याआधी तीन प्रकारचे फोटो काढायचे : संपूर्ण खोलीचा, वस्तू आणि तिच्या आजूबाजूचा, आणि शेवटी वस्तूचा अगदी जवळून, शेजारी १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवून. पट्टीशिवाय काढलेल्या जवळच्या फोटोवरून नंतर कसलंच माप काढता येत नाही. मोबाइल कॅमेरा वस्तूच्या बरोबर वर, काटकोनात धरायचा. तिरका धरला तर बुटाचा उमटा लांबीत आखूड दिसतो.

मग मोजमापांसह कच्चा नकाशा. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन स्थिर ठिकाणांपासून मोजायचं, उदाहरणार्थ खोलीच्या दोन कोपऱ्यांपासून. एकाच ठिकाणापासून मोजलं तर वस्तू त्या त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेही असू शकते. भूमितीच्या शिक्षकांना सांगा, त्यांचं काम परस्पर होईल.

धूळ आणि भुकटीसाठी कागदाची पुडी करायची, किराणा दुकानात बांधतात तशी, फक्त कडा दोनदा दुमडून. ओलसर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते आणि तपासायला नमुन्याऐवजी बुरशीच मिळते. पुडीवर क्रमांक, जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही. पुडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की प्रत्येक वेळी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. हा कंटाळवाणा भाग गाळायचा मोह होतो. त्याऐवजी एका गटाची एक पुडी मुद्दाम सहीशिवाय पुढे जाऊ द्या आणि शेवटच्या दिवशी तिचा निष्कर्ष अमान्य करा. एकदा असं झालं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ठसे

बोटाच्या रेषांवरून ओळख पटवण्याच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झालं, आणि पुढे एडवर्ड हेन्री या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेलेल्या वर्गीकरणाच्या पद्धतीमागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं काम होतं.

मूळ नमुने तीन : शंख (रेषा वळून आल्या बाजूलाच परत जातात), चक्र (रेषा गोल फिरतात) आणि कमान (रेषा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जातात). साधारणपणे ६० ते ६५ टक्के ठसे शंखाचे, ३० ते ३५ टक्के चक्राचे आणि ५ टक्क्यांच्या आसपास कमानीचे असतात. ४० मुलांच्या वर्गात ४०० बोटं असतात. सगळ्यांची मोजणी करून आकडे फळ्यावर मांडा आणि या टक्केवारीशी ताडून पाहा. थोडे इकडेतिकडे निघतीलच, आणि ते का, यावर नमुन्याच्या आकाराची चर्चा होईल. चक्र इतक्या जणांकडे असतं, मग ‘डब्यावर चक्र आहे’ एवढ्यावरून काय सिद्ध झालं, हा प्रश्न त्यानंतर मुलंच विचारतात.

डब्यावरचा ठसा उठवायला मऊ केसांचा ब्रश लागतो. मेकअपचा रुंद ब्रश चालतो, चित्रकलेचा ताठ ब्रश रेषा खरवडतो. पूड म्हणून ग्रॅफाइट : ६बी पेन्सिल बारीक पॉलिश पेपरवर घासून काढा. गडद पृष्ठभागावर टाल्कम पावडर. ब्रशचं फक्त टोक पुडीत टेकवायचं, दांडीवर टिचकी मारून जास्तीची पूड झाडायची आणि हलक्या हाताने फिरवायचं. रेषा दिसू लागल्या की रेषांच्याच दिशेने दोन-तीन फटकारे, आणि थांबायचं. इथेच दहातली आठ मुलं चुकतात. ठसा दिसायला लागला की अजून स्पष्ट करू म्हणून आणखी पूड मारतात, दोन रेषांमधली जागा भरून जाते आणि काळा ठिपका उरतो. मग एक इंच रुंदीची पारदर्शक चिकटपट्टी एका कडेपासून दाबत न्यायची, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. ती उचलून कार्डावर चिकटवायची, ग्रॅफाइट असेल तर पांढऱ्या आणि टाल्कम असेल तर काळ्या.

ठसा उठतच नसेल तर आधी ऋतू पाहा. घामात बहुतांश पाणीच असतं आणि कोरड्या दिवसांत ते लगेच उडून जातं. डिसेंबरच्या थंडीत तर हात इतके कोरडे असतात की पूड धरायला काही राहतच नाही. डब्यावर ठसा उमटवणाऱ्याने आधी कपाळावरून किंवा नाकाच्या बाजूने बोट फिरवावं. तिथल्या त्वचेतलं तेल लवकर उडत नाही. पावसाळ्यात उलटं होतं : बोट घसरतं, ठसा फिसकटतो आणि पूड दमट होऊन गोळे होते. पूड कोरड्या डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

आता एक सापळा, ज्यात भलेभले अडकतात. संशयितांच्या ठशांची कार्डं करायला शाळेत सर्रास सोपी पद्धत वापरतात : बोटावर पेन्सिलची पूड चोळायची, त्यावर चिकटपट्टी लावून काढायची आणि कागदावर चिकटवायची. ठसा सुंदर येतो, पण आरशातल्यासारखा उलटा. चिकटपट्टीच्या पाठीमागून आपण प्रत्यक्ष बोट पाहतो तसंच चित्र दिसतं, तर डब्यावर बोटाने उमटवलेली त्याची उलटी प्रतिमा असते. उजवीकडे उघडणारा शंख कार्डावर डावीकडे उघडतो. मुलं तासभर जुळवत बसतात आणि ‘कुणाचाच नाही’ असा निष्कर्ष काढतात. उपाय साधा आहे : ती चिकटपट्टी कागदावर न लावता पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर लावा आणि शीट पालथी करून पाहा. किंवा स्टॅम्प पॅडच्या शाईने थेट कागदावर ठसे घ्या. मुलांना हे आधी सांगू नका. दोन्ही पद्धतींनी केलेली कार्डं समोर ठेवून फरक त्यांनाच शोधू द्या.

नमुना जुळल्यावर रेषांचे बारकावे पाहायचे : रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, दोन बारकाव्यांच्या मध्ये किती रेषा आहेत. आपल्या प्रकरणातला ठसा मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो, मधलं चक्र दिसतं पण बारकावे पुसट. त्यामुळे ड यांना वगळता येतं, अ यांना पक्कं करता येत नाही. इथे २००४ मधला माद्रिदच्या बॉम्बस्फोटाचा तपास सांगण्यासारखा आहे. पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला आणि त्याला ताब्यात घेतलं. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली. अनुभवी तज्ज्ञांची एकमेकांशी सहमती होती आणि तरीही उत्तर चुकलं. म्हणून वर्गात तुलना करताना दुसऱ्या मुलाला पहिल्याचं उत्तर कळू द्यायचं नाही.

चिठ्ठीची शाई

गाळण कागदाची २ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब पट्टी. खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ, पेनने नाही, नाहीतर रेघच पळू लागते. रेघेवर शाईचा २ मिलिमीटरचा ठिपका. तो वाळवा आणि त्याच जागी आणखी दोनदा द्या. ठिपका मोठा झाला की रंग वेगळे होण्याऐवजी एकमेकांत लपेटून वर जातात. उंच ग्लासात १ सेंटिमीटर द्राव घाला, पट्टी पेन्सिलीला लटकवा, ठिपका द्रावाच्या वर राहिला पाहिजे. ठिपका बुडला की शाई खाली ग्लासात उतरते आणि पट्टीवर काही चढत नाही. ही चूक प्रत्येक वर्गात निदान एक गट करतोच.

द्राव कोणता, हे शाईवर अवलंबून. स्केचपेनला पाणी चालतं. बॉलपेनची शाई पाण्यात हलत नाही, तिला औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट लागतं. जेल पेनच्या शाईत बऱ्याचदा विरघळणारा रंग नसून बारीक कणांचं रंगद्रव्य असतं, ते दोन्हींत जागचं हलत नाही. न हलणं हीसुद्धा माहिती आहे, मुलं ते ‘प्रयोग फसला’ म्हणून खोडतात, तसं करू देऊ नका. स्पिरिट वापरताना ग्लासावर झाकण हवंच. उन्हाळ्याच्या तोंडाला ते पट्टीवर वर चढण्याआधीच उडून जातं आणि रंग अर्ध्यात थबकतात. आग जवळ नको, खिडक्या उघड्या.

द्राव वरच्या टोकापासून २ सेंटिमीटरवर आला की पट्टी काढा आणि द्राव पोचला तिथे लगेच पेन्सिलने खूण करा. वाळल्यावर ती सीमा दिसत नाही. समजा द्राव रेघेपासून ८ सेंटिमीटर चढला आणि निळा रंग ५.२ सेंटिमीटर, तर गुणोत्तर ०.६५. हा आकडा कागद, तापमान आणि द्रावावर बदलतो, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्याशी ताडून काही हाती लागत नाही. चिठ्ठीची शाई आणि चारही पेनांच्या शाया एकाच रुंद कागदावर शेजारीशेजारी चालवा. चिठ्ठीतली शाई घ्यायला पंचिंग मशीनने शाईच्या रेघेवरचे दोन-तीन गोल तुकडे काढून बाटलीच्या झाकणात स्पिरिटच्या तीन-चार थेंबांत भिजत ठेवा, आणि तो रंगीत थेंब काडीने थोडा थोडा करत ठिपक्यावर चढवा.

आणि जुळलं तरी काय? बर्डीवरच्या, म्हणजे सिताबर्डीच्या बाजारातल्या, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात त्याच कंपनीची, त्याच शाईची पेनं डझनाने मिळतात. ‘याच प्रकारचं पेन’ म्हणता येतं, ‘हेच पेन’ नाही.

धूळ आणि माती

नागपूरच्या शिक्षकाला निसर्गाने हा भाग फुकट दिला आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या लाव्हाचा काळा खडक, सिताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने स्फटिकी खडक. काटोल-कळमेश्वरच्या बाजूची काळी माती, कन्हानची वाळू, आणि उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख. तासाभराच्या अंतरात चार वेगळ्या प्रकारची धूळ गोळा होते. राख जवळच्या फ्लायॲशच्या विटा बनवणाऱ्याकडे मागून मिळते. ती हाताळताना मास्क लावा आणि थोडं पाणी शिंपडून घ्या, कोरडी उडू देऊ नका.

मुलांना आधी चारही नमुन्यांवर मोकळेपणी प्रयोग करू द्या, पुरावा नंतर. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात २० मिलिलिटर वाळवून कुस्करलेली माती, चिमूटभर धुण्याची पावडर, वर पाणी. दोन मिनिटं हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ तासा-दोन तासांत, आणि काळ्या मातीतली चिकण दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. दुसऱ्या मोजपात्रात १० मिलिलिटर कोरडी, चाळलेली काळी माती हळूहळू पाण्यात सोडा आणि २४ तासांनी आकारमान वाचा. चांगली काळी माती १५ मिलिलिटर किंवा त्याहून वर फुगलेली असते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात तडकणाऱ्या भिंती याच गुणाच्या. वाळू फुगत नाही, राखही नाही.

काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात, त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. आणि मग लोहचुंबक. चुंबकाला आधी पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर त्याला चिकटलेले कण आयुष्यभर निघत नाहीत. राखेत फिरवला तर काळे कण चिकटतात. मुलं ‘सापडलं!’ म्हणून ओरडतात. आता तोच चुंबक काळ्या मातीत फिरवायला लावा. तिथेही चिकटतात, कारण लाव्हाच्या खडकात मॅग्नेटाइट असतंच. चाचणी खरी आहे, पण या दोन नमुन्यांना वेगळं करायला निरुपयोगी. चाचणीची निवड प्रश्नावरून करायची असते, हे इथे पंधरा मिनिटांत समजतं.

वेगळं करतं ते सूक्ष्मदर्शक. राखेचा कण १०० पट मोठा करून पाहा : काचेचे गुळगुळीत गोल मणी, काही पारदर्शक, काही तपकिरी, काही पोकळ. भट्टीच्या उष्णतेत कोळशातली खनिजं वितळतात, हवेत तरंगताना पृष्ठताणामुळे त्यांचे गोळे होतात आणि तसेच थिजतात. वाळूचे कण काचेसारखे पण ओबडधोबड, कडा थोड्या झिजलेल्या. काळ्या मातीचे कण आकारहीन, गचपण झालेले. शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोप चालतो, तो कागदाचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. पाहताना काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकायला विसरू नका, आणि अगदी कमी धूळ घ्या. चिमूटभर घेतली तर कणांवर कण बसून फक्त अंधार दिसतो.

यानंतर कट्ट्यावरच्या धुळीची पुडी उघडायची. त्यात धूळ असते जेमतेम नखाएवढी. २० मिलिलिटरचा प्रयोग इथे करता येत नाही. मग क्रम ठरवावा लागतो : आधी नुसतं पाहणं, मग सूक्ष्मदर्शक, मग चुंबक, आणि नमुना खर्ची पडणारी व्हिनेगरसारखी चाचणी सगळ्यात शेवटी, तीही अर्ध्याच धुळीवर. उरलेली अर्धी पुन्हा तपासणीसाठी बांधून ठेवायची.

लाल डाग

‘रक्त आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. खरं रक्त वर्गात आणू नये, माणसाचं तर नाहीच. रक्ताच्या प्राथमिक चाचणीमागचं तत्त्व हायड्रोजन पेरॉक्साइडने दाखवता येतं. औषधाच्या दुकानात मिळणारं बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. कच्च्या बटाट्याच्या किसावर थेंब टाकला की फेस येतो. बटाट्यात कॅटलेज हे विकर असतं, रक्तातही असतं. म्हणजे फेस आला म्हणून रक्त, असं म्हणता येत नाही. बटाटा उकडून पुन्हा करा, फेस येत नाही, विकर उष्णतेने निकामी झालं. प्राथमिक चाचणी फक्त ‘पुढे तपासा’ एवढंच सांगते.

आपल्या डागाचे उमेदवार : हळदीपासून केलेलं कुंकू, बाजारातलं रंगवलेलं कुंकू, बीट, खाण्याचा रंग. डागाच्या धाग्यावर लिंबाचा रस टाकला आणि तो पिवळा झाला तर हळदीचं कुंकू, कारण हळद चुन्यासारख्या आम्लारीने लाल झालेली असते आणि आम्लाने परत पिवळी होते. रंगवलेल्या कुंकवात बऱ्याचदा स्टार्च असतं, त्यावर दहापट पाणी घातलेलं पोव्हिडोन आयोडीन टाकलं की निळं-काळं होतं. बीटचा रंग चुन्याच्या निवळीत हळूहळू पिवळट होतो. खाण्याचा रंग या तिन्हींना दाद देत नाही.

प्रत्येक चाचणीसोबत टेबलक्लॉथच्या स्वच्छ कोपऱ्यावर तीच चाचणी करायची. कापडाला खळ असेल तर आयोडीन डाग नसलेल्या जागीही निळं पडतं. ही तुलना केली नाही तर केकच्या रंगाला कुंकू ठरवून गट भलत्याच दिशेने निघतो.

वेळ उरला तर बुटाच्या उमट्याचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करता येतो, अर्थात मैदानातल्या वाळूत. एका उमट्याला साधारण १ किलो प्लास्टर आणि ६५० मिलिलिटर पाणी, प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. थिजताना ते चांगलंच तापतं, त्यात बोट बुडवून बसणाऱ्याला भाजतं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं प्लास्टर हवेतला ओलावा घेऊन बिघडतं आणि मग नीट थिजत नाही. नववी-दहावीला तिरक्या फळीवर रंगीत थेंब पाडून रुंदी भागिले लांबी म्हणजे कोनाचा साइन, हे पडताळून पाहता येतं : ६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर लांब थेंब म्हणजे ३० अंश. थेंबाची शेपटी लांबीत धरली की कोन चुकतो. थेंबांसाठी ३२ मिलिलिटर ग्लिसरीन आणि ६० मिलिलिटर पाणी, रक्ताइतका दाटपणा येतो. साखरेचा पाक स्वस्त पडतो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात मुंग्या.

एक गोष्ट निक्षून. मुलांच्या बोटांचे ठसे ही त्यांची खाजगी माहिती आहे. पालकांना आधी कळवा, कार्डांवर नावाऐवजी क्रमांक टाका, आणि शेवटी कार्डं मुलांना परत द्या किंवा त्यांच्यासमोर फाडा. भिंतीवर प्रदर्शन लावू नका. रक्तगट किंवा आई-वडिलांशी जुळवून पाहण्याचे प्रयोग या उपक्रमात मुळीच नकोत. त्यातून घरातलं जे बाहेर येऊ शकतं ते सांभाळायला शाळा तयार नसते.

अहवाल आणि गुण

शेवटच्या तासिकेला प्रत्येक गट दीड पानाचा अहवाल देतो. त्यात प्रत्येक पुराव्यापुढे तीनपैकी एकच शेरा : ‘वगळता येतं’, ‘वगळता येत नाही’, ‘सांगता येत नाही’. ‘जुळलं’ हा शब्द अहवालात वापरायचा नाही. सगळ्या वगळण्यांनंतर अ उरतात, पण ते चौघांपैकीच कुणीतरी डबा नेला हे गृहीत धरलं तरच. हे गृहीतक कुणी लिहिलं आहे का, ते आधी शोधा. पाचवा माणूस कोराडीच्या रस्त्याने बुटांवर राख घेऊन येणारा, त्याच कंपनीचं पेन वापरणारा आणि बोटावर चक्र असलेला असूच शकतो, आणि नागपुरात असे हजारो निघतील.

२० गुणांची वाटणी अशी ठेवा : पंचनामा आणि सह्यांना ४, प्रत्येक चाचणीसोबत केलेल्या तुलनेच्या नोंदीला ५, पुराव्यावरून निष्कर्षापर्यंतच्या तर्काला ६, मर्यादा लिहिल्याबद्दल ४, आणि चोराचं नाव बरोबर आलं तर १.